रिस्तयाव्रचे तीन मासे

१

नवस मी आयुष्यात पुष्कळ बोलले. माझ्या नवऱ्याचा, लारिओनचा, खोकला जावा म्हणून बोलले, वादळात चुकलेली रेनडिअर घरी यावी म्हणून बोलले, आणि एकदा तर चुलीच्या धुराड्यानं धूर नीट ओढावा म्हणूनसुद्धा. एवढ्याशा कामासाठी संत निकोलाला वेठीला धरलं म्हणून मग आठवडाभर स्वतःशीच लाजत होते. सगळे फेडले. देवानंही माझं ऐकलं, कधी लगेच, कधी त्याच्या सवडीनं. पण एक नवस मी गरजेपेक्षा मोठा बोलले. त्याचीच ही हकीकत.

माझी लेक तैस्या तेव्हा माहेरी आली होती. सातवा लागला होता. याआधी दोनदा तिची कूस भरली होती आणि दोन्ही वेळा सातव्यातच रिकामी झाली होती. जावई दूर गॅसच्या विहिरींवर कामाला, दोन-दोन महिने घरी येत नसे. पोरगी खिडकीशी बसायची आणि पोटावर हात ठेवून मोजत राहायची. काय मोजते ते मी विचारत नसे.

आमच्या रिस्तयाव्र तळ्याच्या टोकावर एक लाकडी क्रूस आहे. नवस बोललेल्या बाया त्यावर विणलेला पंचा बांधतात. ईस्टरआधीच्या मोठ्या उपासाच्या पहिल्या सोमवारी मी तिथं गेले, पंचा बांधला आणि म्हटलं, "बा निकोला, तैस्याचं पोर सुखरूप मांडीवर येईपर्यंत मी रोज स्वतः जाळं ओढीन, रोज तिला ताजा मासा खाऊ घालीन, आणि रोज त्या माशांचा एकूण एक काटा, न मोडता, जिथला तिथं पाण्यात सोडीन."

वर्षाच्या पहिल्या माशाचे काटे पाण्याला परत द्यायचे, ही आम्हा उत्तरेकडच्या सामी बायांची जुनी रीत. धर्मग्रंथात ती नाही, पण पाद्रीबाबाही तिच्याकडं काणाडोळा करतात. पहिल्या माशाचे, वर्षातून एकदा. मी रोजचे म्हटलं. जास्त दिल्यानं काय बिघडतं, असं वाटलं मला.

२

"त्या तळ्यात जाळं टाकतेस?" कापा मावशी कुंपणावरून ओरडली. कापा मावशी आमची शेजारीण. वय सत्त्याहत्तर, दात दोनच, पण दोन्ही कामाचे. "बूट लागला तर मला दे गं. माझा डावा फाटलाय."

हसण्यासारखंच होतं ते. तळ्याच्या वरच्या अंगाला गेली अठरा वर्षं खाणीचा नळ येऊन पडतो. दगड दळून त्यातला धातू काढून घेतला की उरतं ते राखाडी पाणी, पिठासारख्या बारीक गाळाचं. लारिओन त्याच नळाच्या पंपावर कामाला. गावातले पुरुष मासे धरायला चाळीस किलोमीटर दूर जातात. पण क्रूस या तळ्याकाठी होता, नवस या पाण्याला बोलला होता. दुसरीकडचे मासे आणून तो कसा फिटणार?

पहारीनं बर्फात दोन भोकं पाडली, खालून दोरी ओवून जाळं लावलं. दुसऱ्या दिवशी ओढलं तर हाताला जड लागलं. तीन सिग मासे, वीत-वीतभर, रुपेरी, तळहातावर थाडथाड उडत होते. मी बर्फावरच गुडघे टेकले.

"पोरीला हे खायला घालणार तू?" लारिओन म्हणाला.

"आधी तपासून घेऊ."

त्यानं पाठीचं बिनकाट्याचं मांस डबीत भरून शहरात पाठवलं, तळ्यांचा अभ्यास करणाऱ्या वेनिआमिन ल्वोविचकडं. लारिओन त्यांना मासेडॉक्टर म्हणतो. निकाल येईपर्यंतचे मासे त्यानंच खाल्ले. "माझ्या पोटात तसाही निम्मा डोंगर गेलाय," म्हणाला. मला उपास असल्यानं मी मासा चाखतही नव्हते. चौथ्या दिवशी फोन आला. मांस स्वच्छ होतं. "इतकं स्वच्छ," मासेडॉक्टर म्हणाले, "की मला माझ्या यंत्राचाच संशय आला."

त्या दिवसापासून तैस्या खाऊ लागली. तिचे गाल भरले. काटे मात्र मी पहिल्या दिवसापासूनच ताटलीत नीट मांडून, मोजून, संध्याकाळच्या उजेडात त्याच भोकातून पाण्यात सोडत होते.

३

रोज तीन. कमी नाहीत, जास्त नाहीत.

पहिले दहा दिवस मी त्याला कृपा म्हणत होते. अकराव्या दिवशी मासे साफ करताना एकाच्या वरच्या ओठाला चीर दिसली, जुना गळ लागून गेल्यासारखी. मला वाटलं, असा मासा मी कालही साफ केला. मग दुसऱ्याकडं पाहिलं. शेपटीजवळ पाठीवर सिगला एक छोटा मांसल पर असतो, तो याला नव्हता. कालही एकाला नव्हता. तिसऱ्याच्या उजव्या कल्ल्यावर पांढरा डाग होता, बार्लीच्या दाण्याएवढा.

मी सुरी खाली ठेवली. स्वतःला समजावलं की एका थव्यातले मासे एकसारखेच असणार, भावंडंच ती. एकाच गळानं, एकाच दगडानं खरचटलेली. माणसांत नाही का, आमच्या गावात निम्म्या लोकांचं नाक एकच.

बाराव्या दिवशी चीर, पर, डाग. तेराव्या दिवशी चीर, पर, डाग.

त्याच दिवसांत स्वयंपाकघरात तो आवाज सुरू झाला. कोपऱ्यात आमचं पाण्याचं पिंप आहे, तळ्यातूनच भरतो, गाळून आणि उकळून पितो. सकाळी चूल पेटवून मी कणीक मळायला घेतली की पिंपातून येई. सर्र. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा सर्र. पाटावर सांडलेलं पीठ कोणी हाताच्या कडेनं लोटावं, तसा. माझा हात थांबला तरी तो थांबत नसे.

"तुझ्या पंपाचा आवाज आता घरात येतो बघ," मी लारिओनला म्हटलं.

त्यानं बशीतून चहाचा घोट घेतला. "पंप सोमवारपासून बंद आहे. नळ तुंबलाय. मी तिथं नुसता पत्ते खेळतो."

मी पिंपावर झाकण घातलं, झाकणावर इस्त्री ठेवली. पलीकडच्या खोलीतून तैस्या म्हणाली, "आई, झाकू नकोस ना. बरं वाटतं ऐकायला. पोरगं पण गप्प होतं."

४

कापा मावशीला मी बोलले नसते, पण तिनंच मला काटे सोडताना पाहिलं.

"आज कोणता सण गं?"

"रोजच सोडते मावशी. नवस आहे."

ती चालायची थांबली. "रोज?"

"सगळे. मोजून."

"उस्ता, अगं येडे," ती हळू आवाजात म्हणाली, आणि हळू आवाजात बोलताना मी तिला प्रथमच ऐकलं. "पहिल्या माशाचे द्यायचे असतात. एकदा. म्हणजे पाण्याला कळतं, आपण विसरलो नाही. रोज दिलेस तर त्याला वाटेल, काम सांगितलंय."

"कसलं काम?"

"मला काय विचारतेस? मी कधी दिले का रोज!" मग नेहमीच्या आवाजात, "बूट लागला का?"

"नाही लागला."

"मग काय उपयोग तुझ्या नवसाचा," म्हणाली आणि गेली. पण क्रूसाजवळून जाताना तिनं वळसा घेतला, पाण्याच्या बाजूनं गेली नाही.

नवस अर्ध्यात मोडता येत नाही. आणि तैस्याला सातवा सरून आठवा लागला होता. दोनदा जे घडलं ते या खेपेला घडलं नव्हतं. फक्त एकदा ती जेवून उठताना म्हणाली, "आई, पोट भरतं गं. पण तासाभरानं वाटतं, काही खाल्लंच नाही. कोणी काढून घेतल्यासारखं."

मी तिला आणखी भाकरी दिली.

५

चौतिसाव्या दिवशी वेनिआमिन ल्वोविच स्वतः आले. उंच, वाकलेला माणूस, चष्म्यावर वाफ. दर एप्रिलला ते या तळ्यात जाळी लावतात आणि दर एप्रिलला रिकामी घेऊन जातात. माझे तीन मासे ओट्यावर पाहून ते टोपी काढायची विसरले.

"उस्तिन्या मार्कोव्हना, हे इथं असायला नकोत."

"का बरं?"

"सिग अंडी घालतो ती गोट्यांमधल्या फटीत. अंड्याला तिथं वाहतं, मोकळं पाणी लागतं. इथं सगळ्या फटी गाळानं बुजल्यात. अठरा वर्षांत या तळ्यात एक पिल्लू जन्मलेलं नाही. म्हणजे हे त्याआधीचे असणार, म्हातारे. आणि म्हातारे असते तर एव्हाना मेले असते."

"देवाची कृपा म्हणा."

"म्हणतो. पण वयही मोजतो." ते हसले. माशाच्या डोक्यात दोन बारीक दगड असतात, कानाचे. त्यांच्यावरच मासा ऐकतो आणि तोल सांभाळतो. झाडाच्या बुंध्यासारखी त्यांच्यावर दर वर्षी एक रेघ चढते. एवढं सांगून त्यांनी डाग असलेल्या माशाचं डोकं उघडलं आणि चिमट्यानं दोन पांढरे कण काढले, तांदळाच्या कणीएवढे.

"ते परत द्याल ना?" मी विचारलं. "माझा नवस आहे, सगळं पाण्याला परत जायला हवं."

"हाडं नाहीत हो ही, नुसते खडे. आठवड्याभरात परत पाठवतो."

पाहुणा होता. माझ्या घरचं मीठ खाऊन माझ्याच टेबलाशी बसला होता. आमच्यात घरी आलेल्यानं मागितलेल्या वस्तूला नाही म्हणत नाहीत, आणि मीही म्हटलं नाही. त्या संध्याकाळी काटे सोडताना मोजणी दोनानं कमी भरली. पाण्यात सोडून मी भोकाशी उभी राहिले. माफी मागावी असं वाटलं, पण कोणाची मागायची ते कळेना. निकोलाची मागितली.

६

माशांना मी आता त्यांच्या खुणांच्याच नावानं ओळखत होते. दुसऱ्या दिवशी जाळ्यात चीर सरळ होता, पर सरळ होता. डाग आडवा पडला होता.

मेला नव्हता. बादलीत सोडला तर कुशीवर पडून गोल गोल फिरू लागला, एक डोळा आढ्याकडं. मी त्याला बोटानं सरळ केला. बोट काढलं की पुन्हा आडवा. त्या दिवशी मी त्याला शिजवला नाही. तैस्यानं विचारलं, आज दोनच का, तर म्हटलं, मांजरानं नेला. आमच्याकडं मांजर नाही. संध्याकाळी तो जिवंतच भोकात सोडला, आणि सकाळी तो पुन्हा जाळ्यात, तसाच आडवा.

गुरुवारी नर्सबाई आली. दर गुरुवारी येते, गावातल्या चारही घरांची बित्तंबातमी घेऊन जाते. तैस्याचं पोट चाचपताना तिची बडबड एकाएकी थांबली.

"मागच्या आठवड्यात डोकं खाली होतं," ती म्हणाली. "आता आडवं आहे. पार आडवं."

"फिरेल ना?"

"अजून वेळ आहे. नाही फिरलं तर शहरात पोट उघडून काढतात. पण उस्तिन्या, वाटेत कळा सुरू झाल्या आणि पोर असंच असलं तर..." तिनं तैस्याकडं पाहिलं आणि वाक्य गिळलं.

तैस्या भिंतीकडं तोंड करून पडली होती. भिंतीपलीकडं पिंप. सर्र, मग शांत. "ते फिरणार नाही," ती म्हणाली. "ते कान देऊन ऐकतंय, आई. त्याला नीट ऐकू येत नाहीये."

संध्याकाळी मासेडॉक्टरांचा फोन आला. त्यांचा आवाज उतावळा होता आणि थोडा घाबरलेला. मासा एकवीस वर्षांचा निघाला. एकवीस ठळक रेघा. पण त्यांच्या बाहेर, अगदी कडेला, केसासारख्या बारीक रेघा होत्या. "अशा रेघा फक्त नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या असतात. दिवसाला एक. म्हाताऱ्या माशाला त्या असूच शकत नाहीत. मी तीनदा मोजल्या. तेहतीस आहेत."

त्यांनी खडे काढले त्या दिवसापर्यंत मी काटे पाण्याला तेहतीस वेळा परत दिले होते.

७

पहाटेच्या बसनं शहर गाठलं. संस्थेच्या जिन्यावरच मला वेनिआमिन ल्वोविच भेटले.

"खडे द्या."

"उस्तिन्या मार्कोव्हना, एक मी घासला. घासल्याशिवाय रेघा दिसत नाहीत. तो आता काचेवरच्या डागाएवढा उरलाय. दुसरा आहे."

मला त्यांच्यावर ओरडायला हवं होतं. ओरडता येत नाही मला. मी म्हटलं, "दुसरा तरी द्या."

त्यांनी खणातून कागदाची पुडी काढली. का, असं विचारलं नाही. उलट पुडी माझ्या हातात देताना म्हणाले, "न्या. आमच्या मदतनीस बाईंनी हा खण उघडायचं सोडून दिलंय. म्हणतात, हाताला ओल लागते."

दुपारी दोनला मी बर्फावर होते. सूर्य इतका की डोळ्यांतून पाणी येत होतं. तळ दिसावा म्हणून आम्ही भोकाशी पालथं झोपतो आणि डोक्यावर कोट घेतो. बाहेरचा उजेड बंद झाला की पाणी आतून उजळतं. मी तसंच केलं. खडा कुठं पडतो ते मला पाहायचं होतं, एवढंच.

तिथं दोन पुरुष खोल. खाली सगळं राखाडी, मऊ, नांगर न लागलेल्या शेतासारखं. फक्त भोकाच्या बरोबर खाली परातीएवढी एक जागा धुतल्यासारखी स्वच्छ होती. तिच्यातला गोटा न गोटा वेगळा दिसत होता, तपकिरी, लालसर, काळा. वरून गाळ अलगद उतरत होता. आणि गाळाचा पातळ थर बसला की तो बाजूला सरकत होता. सर्र.

हाताच्या कडेनं. माझी आई पीठ लोटायची तसा.

हात म्हणतेय मी. मनगटापर्यंतच दिसला. पाण्यात फार दिवस राहिलेल्या गोष्टीसारखा फिका. त्यापलीकडं गाळ होता, आणि गाळापलीकडं मी पाहिलं नाही. तो मला दिसला त्याच क्षणी थांबला, दारात कोणी येऊन उभं राहिलं की हातातलं काम थांबतं तसा.

माझ्या बोटांतून खडा सुटला. सोडला की सुटला, देव जाणे. पांढरा कण हेलकावे खात खाली गेला. त्या हातानं तळवा उघडला आणि खडा त्यात पडला.

मी वाट पाहिली की आता तो मिटेल. नाही मिटला. तळवा तसाच उघडा राहिला, वर, माझ्याकडं. पाहुण्याला मी दोन देऊन टाकले होते. एकच मिळाला होता.

८

दुसऱ्या सकाळी डाग बादलीत कुशीवर पडला नाही. तिरका राहिला, एका बाजूला कललेला, पण पोहत होता. तैस्यालाही रात्रीतून कुशीत काहीतरी मोठं सरकल्यासारखं वाटलं होतं. नर्सबाईला निरोप धाडला. ती आली, चाचपलं, आणि मला मिठीच मारली. डोकं खाली आलं होतं.

मी रडले. पण पिंपाशी गेले की मला तो उघडा तळवा आठवे. दुसऱ्या खड्याचं काय? मी बदली देऊन पाहिलं. माझ्या जपमाळेचा मणी भोकात सोडला. सकाळी तो जाळ्यात होता, आसाच्या, म्हणजे जाळीच्या डोळ्याच्या, गाठीत नीट अडकवलेला. तांदळाची कणी सोडली, सकाळी आसात. माझा पडलेला दात डबीत ठेवला होता तो सोडला. तोही परत. रागानं परत केलेला नव्हता. दुकानदार चुकीचं नाणं हळूच परत सरकवतो ना, तसा.

"काय टाकतेस गं रोज?" कापा मावशीनं विचारलं.

"माझ्याकडं असेल ते."

"मग तुझ्याकडं नसेल ते मागत असेल," ती म्हणाली. या खेपेला बूट विचारला नाही.

मेच्या मध्यावर, शहरातल्या दवाखान्यात, भर दुपारी तैस्या बाळंत झाली. मुलगी. पावणेतीन किलो, डोक्यावर काळं जावळ, आवाज असा की लारिओन व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून म्हणाला, "ही तर कापाच्या वळणावर गेली." नाव ठेवलं मेलान्या.

पोर घरी येऊन माझ्या मांडीवर आलं त्या दिवशी नवस पुरा झाला. मी शेवटचं जाळं ओढलं. बर्फ काठाशी काळा पडू लागला होता. तिघेही होते. चीर, पर आणि डाग. बादलीत सोडले. तिघेही सरळ पोहत होते. डागसुद्धा, अगदी सरळ, तोल जराही न जाता.

सुरी माझ्या हातात होती. डोकं उघडायला दोन क्षण लागले असते. आत एक खडा असेल की दोन, आणि दोन असतील तर दुसरा जुना असेल की कोवळा.

मी नाही पाहिलं. तिघांना ओंजळीनं उचलून पाण्यात सोडलं. ते भोकाशी जरा रेंगाळले, मग खाली गेले. त्या दिवसापासून पिंपातला आवाज बंद आहे.

ऑगस्टमध्ये आमच्या लक्षात आलं, मेलान्या उजवीकडून हाक मारली तरच वळते. शहरातल्या डॉक्टरांनी नळ्या लावून पाहिलं आणि सांगितलं, डाव्या कानात आत काहीतरी घडायचंच राहून गेलंय, असतं काही मुलांत जन्मतः. मी खुर्चीत बसून राहिले. तैस्यानंच माझा हात धरला. "आई, एक आहे ना? बाबांना दोन आहेत, ते तरी कुठं ऐकतात?"

ती हसली, म्हणून मीही हसले. तिला मी काही सांगितलेलं नाही. माझी दोन मुलं गेली आणि एक राहिली, असं ती आता म्हणत नाही. माझी मुलगी म्हणते. त्या एका शब्दासाठी मी काय दिलं असतं आणि काय दिलं गेलं, याचा हिशेब मी निकोलावर सोडलाय.

९

पुढच्या हिवाळ्यात मी नवीन नवस बोलले, माशांच्या अंड्यांसाठी तळ्याला स्वच्छ गोटे द्यायचा. या खेपेला काहीच मागितलं नाही, त्यामुळे शब्द जुळवायला फार वेळ लागला. तुम्ही कधी काही न मागता नवस बोलून पाहिलाय का? जीभ अडखळते.

डोंगराच्या वरच्या अंगाला, खाणीच्या पलीकडं, एक ओढा आहे. त्याच्या तळाशी स्वच्छ गोटे आहेत, अंड्याएवढे. शरदात मी ते वेचून ठेवते आणि हिवाळाभर दर शनिवारी एक बादली घसरगाडीवरून तळ्यावर नेते. कापा मावशी दोन हिवाळे बरोबर आली. "बूट नाही तर नाही, दगड तरी," म्हणायची. आता ती नाही. तिच्या वाटची बादलीही मीच नेते. वेनिआमिन ल्वोविचना कळलं तेव्हा त्यांनी आधी हिशेब मांडून दाखवला की एवढं तळं भरायला मला चारशे वर्षं लागतील. मग स्वतःच येऊन दोन पोती टाकून गेले. गेल्या एप्रिलला त्यांच्या जाळ्यात काडीएवढं एक पिल्लू आलं. त्यांनी ते मोजलं नाही, उघडलं नाही. ओंजळीत धरून मला दाखवलं आणि सोडून दिलं. चष्म्यावर वाफ होती.

मेलान्या आता चार वर्षांची आहे. माझ्याबरोबर येते. आता मी एक गोष्ट सांगून थांबते. दगड मी एकेक करून सोडते, आणि दोन पुरुष खोल पाण्यात दगड तळाला लागला की बर्फावर कळायला हवं, बारीकसा टक तरी. कधीच येत नाही. मेलान्या मात्र पालथी पडून बर्फाला कान लावते. डावा. आणि दर दगडामागं मला सांगते, "आजी, मिळाला. दे पुढचा."

तर बायांनो, तुमच्या गावाजवळही असं एखादं पाणी असेलच, ज्यातून सगळ्यांनी घेतलं आणि मग पाठ फिरवली. त्याच्या काठी जा. स्वतःसाठी काही मागू नका. त्याच्यासाठी एक नवस बोला, छोटाच, झेपेल एवढा. आणि तुम्ही सोडलेला दगड तळाला लागल्याचा आवाज आला नाही तर घाबरून पळू नका, वाकून बघूही नका. पुढचा द्या.